परदेशात इंग्रजी शिकवायचंय? सोलापुरात राहून पदवीची कागदपत्रं कशी तयार करायची

इंग्रजीत एम.ए., वर बी.एड., हातात दोन-चार वर्षांचा शिकवण्याचा अनुभव, एवढ्या शिदोरीवर आपल्याकडची मुलं-मुली दुबई, मस्कत, दोहाच्या शाळांत जाऊ शकतात. ज्यांचं जाणं हुकतं त्यांचं इंग्रजी कच्चं असतं असं नाही. शाळा ऑनलाइन मुलाखत घेते, डेमो लेसन बघते, पसंती कळवते आणि सांगते, अटेस्टेड डिग्री, म्हणजे खरेपणाचे सरकारी शिक्के लागलेली डिग्री, महिन्याभरात पाठवा. मग धावपळ सुरू होते आणि तो महिना विद्यापीठाच्या खिडकीपाशीच संपतो. म्हणून नोकरीचा अर्ज करायच्या आधी कागदांना हात घाला. कागद तयार असलेल्या माणसाला शाळेशी पगाराबद्दलही ताठ मानेनं बोलता येतं.

आधी देश, मग कागद

कुठल्या देशात जायचं त्यावर शेवटचा शिक्का कुणाचा लागणार हे ठरतं. हेग कराराचे सदस्य असलेले देश एकमेकांच्या कागदांवर ‘अपोस्टिल’ हा एकच शेवटचा शिक्का मानतात. भारत २००५ पासून या करारात आहे. जपान, ओमान, बहरीन त्यात आहेत, आणि डिसेंबर २०२२ पासून सौदी अरेबियाही. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत मात्र करारात नाहीत. तिथे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या वकिलातीचाही शिक्का लागतो, म्हणजे एक पायरी जास्त आणि खर्चही जास्त.

काही देशांची दारं पदवीवर नाही, पासपोर्टवर उघडतात. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुळात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीयांसाठी दोन देशांतल्या व्यापार करारातून एक अरुंद वाट निघते, पण तिलाही शिक्षक असल्याची पात्रता लागते. ‘कोरियात पाठवतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याला हा प्रश्न आधी विचारा. आपल्या माणसांना जास्त वाव आखातात आहे, विशेषतः सीबीएसईच्या शाळांत, आणि तिथे बी.एड.ला खरं वजन आहे.

देश ठरला की शाळेकडून कागदांची यादी ई-मेलवर मागवा. फोनवर ऐकलेल्या यादीवर एक रुपयाही खर्च करू नका.

सगळी नावं एका टेबलावर

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून इथे घाई नको. दहावीची मार्कलिस्ट, बारावीची मार्कलिस्ट, पदवीच्या सगळ्या मार्कलिस्टा, डिग्री, आधार आणि पासपोर्ट एका ओळीत मांडा. आता फक्त नाव वाचा, आणि तेही एकेक अक्षर करून. दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावलंत तर आणखी बरं, कारण स्वतःच्या नावातली चूक स्वतःला दिसत नाही.

सोलापुरात हे जरा जास्तच काळजीनं करावं लागतं. आपलं शहर मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांचं. सिद्धेश्वर, मल्लिकार्जुन, श्रीनिवास ही नावं इथे घरोघरी आहेत आणि इंग्रजीत त्यांची दहा रूपं आहेत. सिद्धेश्वरमध्ये ‘डी’ एक की दोन? शेवटी ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’? श्रीनिवासमध्ये ‘आय’ की ‘डबल ई’? पूर्व भागातल्या माझ्या एका विद्यार्थिनीचे कागद मी असेच मांडून बसलो होतो. दहावीच्या मार्कलिस्टवर वडिलांच्या मल्लिकार्जुन या नावात एक ‘एल’, डिग्रीवर दोन, आणि पासपोर्टवर वडिलांचं नावच नाही, कारण तो लग्नानंतर काढलेला, त्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. आपल्या नजरेला ही एकच मुलगी. वकिलातीतल्या कारकुनाला तीन दिसू शकतात.

यातून वाट अशी काढायची. दहावीची मार्कलिस्ट हा पाया धरा. डिग्रीवरचं स्पेलिंग तिच्याशी जुळत नसेल तर कॉलेजमार्फत विद्यापीठाकडे नावदुरुस्तीचा अर्ज करा, सोबत दहावीची मार्कलिस्ट आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडा. चूक दहावीच्या मार्कलिस्टवरच असेल तर बोर्डाकडे जावं लागतं. सोलापूर जिल्हा पुणे विभागीय मंडळात येतो आणि तो अर्ज शाळेमार्फत जातो. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागतंच, आणि नाव पूर्णच बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, प्रसिद्ध करून घ्या. ‘दोन्ही नावं माझीच आहेत’ असं स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र इथल्या कामांना चालून जातं, परदेशी वकिलातीत त्याच्या भरवशावर राहू नका. त्या मुलीची डिग्री आम्ही दहावीप्रमाणे दुरुस्त करून घेतली आणि विवाह प्रमाणपत्राचंही डिग्रीबरोबर अटेस्टेशन केलं. मग कुणी शंका काढली नाही.

आपल्याकडे मार्कलिस्टवर आडनाव आधी येतं आणि पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात असतं. हा फक्त क्रमाचा फरक आहे, त्याची काळजी करू नका. वडिलांचं नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर मुळीच नाही, तो फरक मात्र मिटवायलाच हवा.

विद्यापीठ कुठलं ते डिग्रीवर वाचा

सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झालं. त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. तुमची डिग्री त्या काळातली असेल तर कॉलेज सोलापुरात असूनही ट्रान्सक्रिप्ट, डुप्लिकेट डिग्री, पडताळणी ही सगळी कामं कोल्हापुरात होतात. त्या संक्रमणाच्या वर्षांत शिकलेल्यांनी आठवणीवर जाऊ नये, डिग्रीवरचं नाव आणि शिक्का बघून ठरवावं.

दुसरी गोष्ट २०१९ ची. त्या वर्षी विद्यापीठाला अहिल्यादेवींचं नाव मिळालं आणि ते ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ झालं. त्यामुळे बी.ए.च्या डिग्रीवर जुनं नाव आणि एम.ए.च्या डिग्रीवर नवं नाव असे बरेच जण आहेत. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण दोह्यात बसलेल्या एचआरवाल्याला ही दोन वेगळी विद्यापीठं वाटतात. केगावला विद्यापीठात जाल तेव्हा नामांतराच्या अधिसूचनेची प्रत किंवा विद्यापीठाचं तसं पत्र मागून घ्या आणि प्रत्येक अर्जाबरोबर जोडत चला.

विद्यापीठाकडून तीन कागद लागतात.

पहिला अर्थातच दीक्षान्त समारंभानंतर मिळणारं मूळ पदवी प्रमाणपत्र. खूप जणांनी तो फॉर्मच भरलेला नसतो. इथल्या नोकरीत मार्कलिस्ट आणि प्रोव्हिजनलवर, म्हणजे तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्रावर, काम भागतं, त्यामुळे डिग्री घ्यायची राहून जाते. अटेस्टेशनला मूळ डिग्रीच लागते.

दुसरा, ट्रान्सक्रिप्ट. सगळ्या वर्षांचे किंवा सेमिस्टरचे विषय आणि गुण एकत्र असलेला, परीक्षा विभागाच्या सहीशिक्क्याचा हा कागद. मार्कलिस्टांच्या झेरॉक्सचा गठ्ठा म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे. अर्ज करताना सगळ्या मार्कलिस्टांच्या दोन्ही बाजूंच्या प्रती जोडा. एखाद्या विषयात राहून पुन्हा परीक्षा दिली असेल तर ती मार्कलिस्टही लावा, लपवू नका, विद्यापीठाच्या रेकॉर्डला ती असतेच. एकाच वेळी तीन-चार संच मागून घ्या आणि निदान दोन सीलबंद पाकिटात घ्या, पाकिटाच्या झाकणावर शिक्का मारलेला. परदेशासाठी पदव्या तपासून देणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या मूल्यमापन संस्थांना ट्रान्सक्रिप्ट तुमच्या हातून नको असते, थेट विद्यापीठाकडून लागते. तसं असेल तर पत्ता आणि संदर्भ क्रमांक अर्जातच लिहा. मग अर्जाच्या झेरॉक्सवर आवक क्रमांकासह पोच घ्या आणि पैसे भरल्याची पावती त्याच फायलीत ठेवा. चौकशीला गेल्यावर ‘मागच्या महिन्यात दिला होता’ म्हणण्यापेक्षा नंबर सांगितलेला बरा, फाइल लवकर हाती लागते.

तिसरा, पडताळणीचं पत्र, म्हणजे ही डिग्री आम्हीच दिली आहे असं विद्यापीठाचं म्हणणं. प्रत्येक शाळा मागत नाही, यादीत असेल तरच काढा.

पदवी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची किंवा दुसरीकडची बहिःस्थ असेल तर शाळेला हे मुलाखतीतच सांगा. आखातात शिक्षकाच्या जागेसाठी अशा पदवीवर हरकत येऊ शकते, आणि ते अटेस्टेशनचे पैसे भरल्यावर कळण्यात काय अर्थ आहे?

‘माध्यम इंग्रजी होतं’ हे पत्र

कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीनं आणि गोल शिक्क्यानं हे पत्र मिळतं. पत्रात तुमचं दहावीप्रमाणे पूर्ण नाव, अभ्यासक्रम, वर्षं आणि शिकवण्याचं व परीक्षेचं माध्यम एवढं यायला हवं. ई-मेल आणि फोन नंबर कॉलेजचा चालू असलेला हवा, कारण शाळा खरोखर विचारून बघतात.

इथे मनापासून एक सांगतो. आपल्याकडे बी.ए.ला मुख्य विषय इंग्रजी असला तरी इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्राचे पेपर बरेच जण मराठीतून लिहितात. तसं असेल तर ‘संपूर्ण बी.ए. इंग्रजी माध्यमातून’ असं पत्र मागू नका आणि कुणी द्यायला तयार झालं तरी घेऊ नका. मराठीतून शिकण्यात काही कमीपणा नाही, खोटं पत्र मात्र आयुष्यभर मागे लागतं. एम.ए. इंग्रजी झालं असेल तर त्याचं पत्र घ्या, ते खरंच इंग्रजी माध्यमाचं असतं. नाहीतर आयल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा द्या. त्याचा निकाल दोन वर्षं धरला जातो, त्यामुळे बाकीचे कागद मार्गी लागल्यावरच परीक्षेला बसा.

शिकवण्याचं प्रमाणपत्र

बी.एड. असेल तर त्याची डिग्री आणि ट्रान्सक्रिप्ट वरच्यासारखीच काढा. बी.एड. नसेल तर खासगी भाषावर्गांसाठी टेफल किंवा सेल्टा हे इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र लागतं. केंब्रिजच्या सेल्टामध्ये खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवून दाखवावं लागतं. शेकडो रुपयांत मिळणाऱ्या ऑनलाइन टेफलमध्ये असं काही नसतं आणि शाळांना तो फरक कळतो. ब्रिटनमधल्या संस्थेचं प्रमाणपत्र असेल तर त्यावर अपोस्टिलही ब्रिटनमधूनच होतं, भारतातून होत नाही. पैसे भरायच्या आधी संस्थेला हे विचारून घ्या.

शिक्क्यांची साखळी

क्रम असा: आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, आणि करारात नसलेल्या देशासाठी शेवटी वकिलात. राज्याचा शिक्का उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडून मिळतो. एजंटांच्या बोलीत याला ‘एचआरडी’ म्हणतात. पुढे परराष्ट्र मंत्रालय अर्जदाराकडून कागद थेट घेत नाही, नेमलेल्या एजन्सींमार्फत घेतं. त्यांची नावं मंत्रालयाच्या वेबसाइटवर आहेत आणि मुंबईत त्यांची सोय आहे. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे फक्त ५० रुपये आहे. बाकीचे पैसे एजन्सीच्या सेवेचे आणि कुरियरचे. दुकानातला एजंट हजारांत आकडा सांगेल तेव्हा हे लक्षात असू द्या आणि कुठल्या शिक्क्याचे किती, ते लिहून मागा.

एजंट कधी कधी ‘एसडीएम’चा जवळचा मार्ग सुचवतात. त्यात राज्याच्या शिक्षण विभागाऐवजी उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा शिक्का घेतात. लवकर होतं, आणि मंत्रालय तेही स्वीकारतं. पण समोरची शाळा किंवा वकिलात ‘एचआरडी’च मागत असेल तर सगळं पुन्हा करावं लागतं. डिग्रीसाठी मी तरी लांबचा मार्गच धरायला सांगतो. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघालं की सकाळी मुंबईत उतरता येतं, तेव्हा निदान पहिल्यांदा तरी मूळ डिग्री स्वतः घेऊन जा.

निघण्यापूर्वी एक बघा, डिग्रीला लॅमिनेशन केलंय का? आईवडिलांनी प्रेमानं केलेलं असतं, पण प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही आणि स्टिकर चिकटत नाही. घरी इस्त्री फिरवून ते सोडवू नका, शाई उचलली जाते. जुन्या कागदांची कामं करणाऱ्याकडे द्या, नाहीतर सरळ डुप्लिकेट डिग्रीचा अर्ज करा. शिक्के लागण्यापूर्वी आणि लागल्यानंतर, दोन्ही वेळा दोन्ही बाजूंचं रंगीत स्कॅन करून ठेवा. अपोस्टिलच्या स्टिकरवर क्रमांक असतो, तो ऑनलाइन तपासता येतो. एजंटाकडून कागद परत आले की त्याच्यासमोरच तपासा.

पोलिस क्लिअरन्स प्रमाणपत्र पासपोर्ट सेवेच्या वेबसाइटवरून ५०० रुपयांत निघतं. ते ताजंच मागतात, म्हणून सगळ्यात शेवटी काढा.

भरती एजंटामार्फत जात असाल तर त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. मूळ डिग्री ‘प्रोसेससाठी’ त्याच्याकडे ठेवायची वेळ आली तर तारीख, कागदाचं नाव आणि परत देण्याचा दिवस लिहिलेली सहीची पोच घ्या. तो पोच देत नसेल तर डिग्री देऊ नका. प्रवासात मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेवा. तिथे पोचल्यावर अमिरातीसारख्या देशात त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचाही शिक्का लागतो. त्याचा खर्च शाळा करणार की तुम्ही, हे सही करायच्या आधी करारात लिहून घ्या.