५५०० की ५६००? दोन सारखे दिसणारे प्रोसेसर बेंचमार्क लावून कसे तोलायचे

दिवाळीच्या आधी भाच्याचा फोन आला, "मामा, एएमडीचे दोन प्रोसेसर काढून ठेवलेत, रायझन ५ ५५०० आणि रायझन ५ ५६००, दोन्ही सहा कोर बारा थ्रेड, दोन्ही ६५ वॉट, दोन्ही एएम४ सॉकेटवाले, मग जास्त पैसे कशाला घालायचे?" (कोर म्हणजे प्रोसेसरच्या आतला काम करणारा एकेक भाग, थ्रेड म्हणजे त्यावर एकाच वेळी चालणारी कामं, आणि सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसण्याची जागा.) प्रश्न रास्त आहे आणि पीसी बांधायला निघालेल्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच. मग आम्ही दोघं फोनवर बसून ज्या पद्धतीने हे सोडवलं तीच इथे लिहितोय. जोडी कुठलीही असो, पद्धत हीच लागू होते.

बहुतेक जण पहिल्यांदा यूट्यूब उघडतात. तसं करू नका, आधी कागद-पेन घ्या आणि दोघांचे आकडे शेजारी शेजारी लिहा. ५५०० चा बेस क्लॉक (नेहमीचा वेग) ३.६ गिगाहर्ट्झ, बूस्ट (जोर लावल्यावरचा कमाल वेग) ४.२, एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी) १६ एमबी, पीसीआयई (ग्राफिक्स कार्ड जोडणारी वाट) ३.०. ५६०० चा बेस ३.५, बूस्ट ४.४, एल३ कॅशे ३२ एमबी, पीसीआयई ४.०. दोन्ही एप्रिल २०२२ मध्ये आले, दोन्हीत झेन ३ कोर, म्हणजे कोरची जात एकच. आता बूस्टचा भागाकार करा, ४.४ भागिले ४.२, फरक येतो साधारण पावणेपाच टक्के. हे पावणेपाच टक्के डोक्यात पक्के ठेवा कारण पुढची सगळी तुलना यावर उभी आहे. कोर एकच असल्यामुळे ज्या बेंचमार्कमध्ये (ठरावीक काम देऊन वेग मोजणाऱ्या चाचणीत) फरक पाचच्या आसपास दिसेल तिथे फक्त क्लॉकचा खेळ आहे, आणि जिथे फरक दहा-पंधरा टक्क्यांवर जाईल तिथे दुसरं काहीतरी काम करतंय. ते दुसरं काय हे शोधायचं, आणि ते तुमच्या कामात येतं का ते बघायचं, बेंचमार्क वाचणं म्हणजे एवढंच.

(कोरची जात वेगळी असेल, म्हणजे समजा ५६०० विरुद्ध इंटेलचा कोअर आय५ १२४००एफ, तर हा क्लॉकचा भागाकार चालत नाही. तिथे दोघांचाही बूस्ट ४.४ आहे, पण क्लॉकच्या एका ठोक्यात कोर किती काम उरकतो तेच वेगळं. तिथे थेट बेंचमार्कपासून सुरुवात करावी लागते.)

आता सिनेबेंच. सिनेमा ४डी बनवणाऱ्या मॅक्सन कंपनीचं हे फुकट सॉफ्टवेअर, एक थ्रीडी चित्र रेंडर करतं आणि स्कोअर देतं. आर२३ मध्ये हे दोन्ही प्रोसेसर दहा-अकरा हजारांच्या घरात येतात, अंतर थोडंसंच. बघून कोणीही म्हणेल की ५५०० घ्या, पैसे वाचवा. पण थांबा, सिनेबेंच नेमकं काय मोजतं ते बघा. रेंडरिंगमध्ये प्रत्येक कोर आपापला छोटा तुकडा घेऊन बसतो, त्याला लागणारा बराचसा डेटा कोरच्या जवळच मिळतो, त्यामुळे मोठ्या एल३ कॅशेची त्याला फारशी गरजच पडत नाही. म्हणजे या दोघांमधला सगळ्यात मोठा फरक, १६ विरुद्ध ३२ एमबी, सिनेबेंचला जवळपास दिसतच नाही. ब्लेंडर किंवा तसलं रेंडरिंग हेच तुमचं काम असेल तर हा आकडा तुमच्यासाठी खरा आहे, बाकीच्यांसाठी अर्धाच.

कॅशेचं म्हणाल तर ओट्यावरचा मिसळणाचा डबा आणि कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान असा हिशोब आहे. जे डब्यात आहे ते हात लांबवला की मिळतं, जे नाही त्यासाठी चपला घालून दुकानात जायचं, आणि रॅम हे ते दुकान. गेममध्ये प्रोसेसरला कधी कुठला डेटा लागेल याचा नेम नसतो, म्हणून डबा मोठा असला की दुकानाच्या खेपा कमी. याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा याच घराण्यात आहे: ५८००एक्स चा बूस्ट ४.७ आणि एल३ ३२ एमबी, ५८००एक्स३डी चा बूस्ट कमी म्हणजे ४.५ पण एल३ ९६ एमबी. सिनेबेंचमध्ये ३डी वाला थोडा मागे पडतो आणि गेममध्ये बऱ्याच ठिकाणी चांगलाच पुढे जातो. एकच जोडी, दोन बेंचमार्क, दोन उलटे निकाल, आणि दोन्ही खरे.

५५०० ला कॅशे कमी का, तर तो मुळात ५६००जी चीच चिप आहे, आतलं ग्राफिक्स बंद करून विकलेली. त्या चिपमध्ये ग्राफिक्सला जागा द्यायची म्हणून एल३ अर्धाच ठेवला होता आणि पीसीआयई पण ३.० च. म्हणजे नाव ५६०० च्या शेजारचं, पण सिलिकॉन वेगळं. आणि हो, ५५०० आणि ५६०० दोघांनाही स्वतःचं ग्राफिक्स नाही, ग्राफिक्स कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच येणार नाही, हे आधी लक्षात घ्या.

घरबसल्या करता येईल अशी माझी आवडती टेस्ट म्हणजे ७-झिप. छोटंसं फुकट सॉफ्टवेअर, टूल्स मेनूत बेंचमार्क म्हणून पर्याय आहे, क्लिक केलं की वर कॉम्प्रेसिंग आणि खाली डिकॉम्प्रेसिंग असे दोन आकडे फिरायला लागतात. लोक खालचा एकूण आकडा घेतात आणि निघून जातात, पण गंमत त्या दोन ओळींतच आहे. कॉम्प्रेसिंग रॅमच्या लेटन्सीवर (डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतच्या वेळावर) आणि कॅशेच्या आकारावर बरंच अवलंबून असतं, डिकॉम्प्रेसिंग मुख्यतः कोरच्या स्वतःच्या वेगावर. म्हणून दोन प्रोसेसरचे आकडे मिळाले की कॉम्प्रेसिंगचा भागाकार वेगळा करा आणि डिकॉम्प्रेसिंगचा वेगळा. डिकॉम्प्रेसिंगमध्ये फरक पाच टक्क्यांच्या जवळपास आणि कॉम्प्रेसिंगमध्ये त्याहून जास्त आला तर समजायचं की कॅशे-रॅमची बाजू बोलतेय. दोन मिनिटांची टेस्ट, पण सिनेबेंचने जे लपवलं ते इथे उघडं पडतं.

गीकबेंच (असंच अजून एक बेंचमार्क सॉफ्टवेअर) बघायचं तर आवृत्ती बघूनच. ५ चे स्कोअर ६ शी जुळवून चालत नाही, पट्टीच वेगळी, ६ मध्ये कोअर आय७ १२७०० ला २५०० धरून बाकीचे मोजलेत. सिनेबेंचचंही तसंच, आर२३ आणि २०२४ यांचे आकडे एकत्र आणले की सगळा घोळ. आणि स्कोअर जास्त म्हणजे चांगला पण सेकंद कमी म्हणजे चांगले, एकाच पानावर दोन्ही प्रकारचे आलेख असतात आणि घाईत उलटं वाचलं जातं.

गेमच्या बेंचमार्कमध्ये सगळ्यात जास्त फसगत होते म्हणून इथे जरा सावकाश. समजा कोणी आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड लावून १०८०पी रिझोल्यूशनला अल्ट्रा सेटिंगवर एखादा भारी गेम चालवला आणि दोन्ही प्रोसेसरवर सारखेच एफपीएस (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) आले. याचा अर्थ प्रोसेसर सारखे असा नाही, कार्डच दमलंय आणि दोन्ही प्रोसेसर त्याची वाट बघत बसलेत असा आहे. ओळखायचं कसं, तर व्हिडिओच्या कोपऱ्यात जीपीयू युसेज (कार्ड किती टक्के कामात आहे ते) बघा, ९७-९९ टक्के असेल तर ती कार्डची टेस्ट झाली. म्हणूनच चांगले रिव्ह्यूवाले महागडं कार्ड लावून कमी रिझोल्यूशनवर टेस्ट करतात आणि खाली लोक भांडतात की एवढ्या स्वस्त प्रोसेसरला एवढं कार्ड कोण लावतं. लावत कोणीच नाही, पण दोन प्रोसेसरमधला फरक बघायचा तर कार्ड वाटेतून बाजूला करावंच लागतं. मग ती टेस्ट बघून तुम्ही उलटा विचार करा: माझ्या कार्डावर माझ्या सेटिंगला मुळात किती एफपीएस येतात? तो आकडा दोन्ही प्रोसेसरच्या कमाल आकड्यांपेक्षा खाली असेल तर जास्त पैसे टाकून आज काही दिसणार नाही. व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक असलं काही कमी सेटिंगवर आणि १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर खेळत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे एफपीएस प्रोसेसरवरच ठरतात.

सरासरी एफपीएससोबत १ टक्का लो (सगळ्यात संथ एक टक्का चित्रांच्या वेळचा एफपीएस) पण बघा. सरासरी १४० आहे पण धुमश्चक्री सुरू झाली की मध्येच ६० वर आपटतंय, तर हाताला ते आपटणंच जाणवतं. कॅशे कमी पडतो तेव्हा ते बऱ्याचदा इथेच दिसतं.

सरासरीचा अजून एक मुद्दा. समजा एका गेममध्ये १०० विरुद्ध ११० आणि दुसऱ्यात ४०० विरुद्ध ४६०. साधी सरासरी काढली तर २५० विरुद्ध २८५, म्हणजे १४ टक्के फरक. पण एका गेममध्ये फरक १० आणि दुसऱ्यात १५ टक्के होता, मोठ्या आकड्याच्या गेमने सरासरी आपल्याकडे ओढली. म्हणून १.१० गुणिले १.१५ करून त्याचं वर्गमूळ काढा, १२.५ टक्क्यांच्या आसपास येतं, हाच भूमितीय मध्य आणि हाच खरा.

पीसीआयईचं आता थोडक्यात. ५६०० चं ४.० तेव्हाच कामाचं जेव्हा मदरबोर्ड बी५५० सारखा ४.० वाला असेल. बी४५० किंवा ए५२० वर लावला तर दोघंही ३.० वरच. आणि कार्ड कुठलं ते पण बघा, आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन (डेटा जाण्या-येण्याच्या मार्गिका) आहेत, त्याला ३.० वर चांगलाच फटका बसतो, पूर्ण सोळा लेनच्या कार्डाला जवळपास काही नाही.

स्वतः टेस्ट करणार असाल तर परिस्थिती सारखी ठेवा नाहीतर सगळं वाया. भाच्याचा पीसी दुकानातून बांधून आला आणि पहिल्याच दिवशी ७-झिपमध्ये कॉम्प्रेसिंगचा आकडा इतरांच्या मानाने फारच खाली, डिकॉम्प्रेसिंग मात्र बरोबर. वरचं आठवा, कॉम्प्रेसिंग म्हणजे रॅमची बाजू. सीपीयू-झेड (प्रोसेसर आणि रॅमची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडायला लावलं, मेमरीच्या टॅबमध्ये सिंगल चॅनल दिसत होतं, म्हणजे रॅमच्या दोन वाटांपैकी एकच चालू. केस उघडून फोटो पाठवला तर रॅमच्या दोन्ही स्टिक शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये! बहुतेक चार स्लॉटवाल्या बोर्डावर प्रोसेसरकडून मोजलं की दुसरा आणि चौथा स्लॉट भरायचा असतो. एक स्टिक काढून हलवली, बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग) चालू केलं, रॅम २१३३ वर चालत होती ती ३२०० वर आली, आणि आकडा सरळ झाला. इथे आधी प्रोसेसरवर शंका घेतली असती तर चांगला प्रोसेसर परत करून बसलो असतो.

तर दोन्हीकडे रॅम तीच, ड्युअल चॅनल, एक्सएमपी चालू, कूलर तोच. ब्राउझर, अँटिव्हायरसचा स्कॅन, विंडोजचं अपडेट सगळं शांत होऊ द्या. प्रत्येक टेस्ट तीनदा चालवा आणि मधला आकडा घ्या, एक-दोन टक्के इकडेतिकडे होणारच, तेवढ्या फरकावर कोणालाही विजयी ठरवू नका. तापमान एचडब्ल्यूइन्फोमध्ये बघत राहा. सिनेबेंच आर२३ ची मल्टीकोर टेस्ट दहा मिनिटं चालते ती त्यासाठीच, सुरुवातीचा जोर ओसरल्यावर क्लॉक कुठे टिकतो ते कळावं म्हणून. एक टेस्ट मे महिन्यात नागपुरात दुपारी आणि दुसरी डिसेंबरमध्ये पहाटे केली तर ती ऋतूची तुलना होईल.

ऑनलाइन आकडे घेतानाही हेच, रॅम, बोर्ड, कार्ड, सेटिंग लिहिलेलं नसेल तर तो आकडा सोडून द्या. शेजारी शेजारी गेम चालतोय, कोपऱ्यात दोन आकडे नाचतायत, आणि अख्ख्या चॅनलवर कधी एकदाही प्रत्यक्ष प्रोसेसर हातात धरलेला दिसत नाही, असल्या व्हिडिओंवर एक रुपयाही लावू नका.

शेवटी पैसे, आणि हे अख्ख्या पीसीवर मोजायचे. समजा दोघांत अडीच हजारांचा फरक आहे आणि पीसी पन्नास हजारांचा, म्हणजे जास्तीचे पैसे ५ टक्के. तुमच्या गेममध्ये, तुमच्या कार्डावर त्याबदल्यात १२ टक्के मिळत असतील तर ५६०० घ्या. तुमचं काम रेंडरिंगचं असेल आणि मिळणार चार-पाचच टक्के, तर तेच अडीच हजार रॅममध्ये किंवा मोठ्या एसएसडीत घाला. भाचा व्हॅलोरंटवाला, बोर्ड बी५५०, मॉनिटर १४४ हर्ट्झ, त्याने ५६०० घेतला. त्याच्याच मित्राने ब्लेंडर शिकायला ५५०० घेतला आणि उरलेल्या पैशात रॅम ३२ जीबी केली, दोघांचंही बरोबर.

पीसी घरी आला की पहिल्याच आठवड्यात सिनेबेंच आणि ७-झिप चालवून स्क्रीनशॉट काढा, त्या दिवशीचं तापमान आणि बायोसची आवृत्ती खाली टाइप करा आणि बिलाच्या फोटोसोबत एकाच फोल्डरमध्ये टाका. वर्ष-दीड वर्षाने पीसी मंद वाटायला लागला की तीच टेस्ट परत लावायची. आकडा तोच आला तर प्रोसेसरला हात न लावता विंडोज साफ करायला घ्या, घसरला तर आधी कूलरची धूळ काढा आणि कूलर-प्रोसेसरच्या मधली पेस्ट बदला.