टोकन देण्याआधी एक-चौदा वाचा

गोव्यात जागा दाखवणारा दलाल फोटो आधी पाठवतो. सर्वे नंबर विचारला की मात्र, "सायबा, कागद सगळे क्लिअर आसात!" म्हणून विषय बदलतो. तेव्हा पहिलं काम हेच: गाव, सर्वे नंबर आणि पोटविभाग लिहून घ्या. तेवढ्यावर एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा, घरबसल्या ऑनलाइन निघतो.

कब्जेदाराचं नाव जुळलं की बहुतेक लोक उतारा मिटून ठेवतात. खरं वाचायचं ते पुढेच असतं. क्षेत्रफळाखाली जिरायत, बागायत, तरी, खाजन असे रकाने आहेत. 'तरी'खाली आकडा असेल तर ती भातशेती, आणि 2023च्या कायद्यापासून ती बिगरशेतकऱ्याला सहसा विकता येत नाही. मग कुळाचा रकाना पाहा. मग 'इतर हक्क'.

माझ्या मावसभावाने पेडण्यात प्लॉट घेताना हा शेवटचा रकाना पाहिलाच नाही. त्यात एका बाईच्या नावे घर नोंदलेलं होतं. मुंडकाराचं, म्हणजे जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं. 1975च्या कायद्यामुळे मुंडकाराला सहजी हलवता येत नाही. उलट घर आणि त्याखालची जागा विकत घेण्याचा हक्क त्यालाच आहे. भाऊ कुंपणाचे खांब घेऊन गेला, तेव्हा म्हातारी सोप्यावर तांदूळ निवडत बसली होती. टोकन अजून परत आलेलं नाही.

उतारा म्हणजे मालकी नव्हे. त्यासाठी मूळ दस्त मागा. पोर्तुगीजमध्ये असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या, इथे काटकसर नको. विकणारा विवाहित असेल तर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात, कारण इथल्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे लग्नानंतर मालमत्ता सहसा दोघांची निम्मी-निम्मी. जागा वडिलोपार्जित असेल तर वारसांचा दस्त किंवा इन्व्हेंटरी (वारसांतली कोर्टामार्फत वाटणी) झाली का ते विचारा. मुंबईला दिलेली बहीण हिस्सेदार असतेच, आणि बऱ्याचदा तिचा नवराही. "ती काही मागत नाही" हे भावांचं म्हणणं सहीच्या जागी चालत नाही.

घर बांधायचं असेल तर नगरनियोजन खात्याचा झोनिंग दाखला काढा आणि सनद, म्हणजे जमीन बिगरशेती वापरायची परवानगी, आहे का बघा.

एवढं झाल्यावर टोकन द्यायचं तर चेकने द्या, तोही मालकाच्या नावाने. कागदात खोट निघाल्यास किती दिवसांत पैसे परत, ते पावतीवर लिहून घ्या आणि खाली मालकाची सही घ्या, दलालाची नव्हे.