जपानी नावाचा अर्थ कसा काढावा

‘जपानी नावं आणि त्यांचे अर्थ’ असली यादी समोर उघडी असेल तर आधी बंद करा. ‘युकी म्हणजे बर्फ’ असं तिथे ठोकून दिलेलं असतं. ते खोटं नाही, पण तुमच्यासमोरच्या युकीला लागू पडेलच असं नाही.

१. आडनाव वेगळं काढा. जपानीत ते आधी येतं: कुरोसावा अकिरा. इंग्रजी मजकुरात क्रम बहुधा उलटतो.

२. नाव कोणत्या कांजीत, म्हणजे चिनी वळणाच्या चित्राक्षरांत, लिहितात ते शोधा. सगळी मेख इथेच आहे. अर्थ उच्चारात नसतो, त्या चित्राक्षरांत असतो.

मी दुभाष्याचं काम नवीनच सुरू केलं होतं तेव्हाची गोष्ट. स्वागताच्या भाषणात एका युकी-सानना (‘सान’ म्हणजे आपलं ‘जी’) मी ‘हिमासारखं शुभ्र नाव’ वगैरे ऐकवलं. बाई हसल्या. चहाच्या वेळी त्यांनी आपलं कार्ड उलटून जपानी बाजू दाखवली. दोन अक्षरं होती: ‘असणे’ आणि ‘आशा’. बर्फाचा पत्ता नाही. शेजारी बसलेले गृहस्थ यूकी, ‘ऊ’ लांब. त्यांचं पहिलं अक्षर शौर्याचं. रोमन लिपीत दोघांचं स्पेलिंग अगदी एकच!

तेव्हापासून माझा नियम: अक्षरं पाहिल्याशिवाय अर्थ सांगायचा नाही. कार्डाची जपानी बाजू पाहा, नाहीतर सरळ विचारा, ‘दोन्ना कांजी देसु का?’ (कुठली कांजी?). यात उद्धटपणा काही नाही, जपानी लोक एकमेकांनाही विचारतात. नाव नुसत्या हिरागानात, म्हणजे फक्त उच्चार दाखवणाऱ्या लिपीत, लिहिलेलं असेल तर अर्थासाठी ओढाताण करू नका.

आणि शेवटी ‘को’ दिसला की बाई, हेही डोक्यातून काढा. मिचिकोमधला ‘को’ म्हणजे मूल, पण काझुहिको हा पुरुष. तिथे ‘हिको’ हे अख्खं एक अक्षर आहे.

३. उच्चार विचारून घ्या. त्याच अक्षरांचे दोन-तीन उच्चार होतात. तिथल्या कुटुंबनोंदणीतसुद्धा नावाचा उच्चार लिहिण्याची कायदेशीर सोय २६ मे २०२५ पासून झाली.

४. एकेका अक्षराचा अर्थ कोशात पाहा आणि थांबा. कादंबरीकार मुराकामी हारुकींच्या नावात (हारुकी) वसंत आणि झाड आहे. त्याचं ‘वसंतात बहरणारा वृक्ष’ करणं ही आपली हौस. इचिरो म्हणजे थोरला मुलगा, असं सगळे सांगतात. बेसबॉलपटू सुझुकी इचिरो मात्र धाकटा. त्याचा ‘रो’ मुलगा या अर्थाचा नाहीच, प्रसन्नतेचा आहे.

५. आडनावात स्वभाव शोधू नका. तानाका म्हणजे भातखाचर आणि मध्य. सर्वसामान्यांना आडनाव सक्तीचं झालं ते १८७५ साली. आपणही गोडबोल्यांकडून गोड बोलण्याची हमी घेत नाही.

एवढं करूनही कधी अक्षर अर्थासाठी निवडलेलंच नसतं. कित्येक आईबाप अक्षर लिहिताना ओढाव्या लागणाऱ्या रेघा मोजून शुभ आकडा पाहतात. टोयोटाचंच घ्या. घराण्याचं आडनाव टोयोडा, त्यात समृद्ध खाचर आहे. गाडीवर ‘टोयोटा’ आलं ते काताकानात, म्हणजे उच्चार दाखवणाऱ्या दुसऱ्या लिपीत, कारण तसं लिहिताना रेघा बरोब्बर आठ होतात, आणि आठ शुभ.