चिलबिर: पाण्यात अंड्याच्या चिंध्या होणं असं थांबलं

चिलबिर म्हणजे लसणाच्या दह्यावर पाण्यात शिजवलेलं अंडं, हा तुर्की पदार्थ. त्यासाठी फोडलेलं अंडं पाण्यात सोडलं की पांढऱ्या बलकाच्या चिंध्या व्हायच्या. व्हिनेगर वाढवलं, पाण्यात भोवरा केला, उपयोग नाही. सलग तीन रविवार नुसता वैताग.

जमलं ते असं. घट्ट दह्यात किसलेला लसूण आणि मीठ घालून ते अर्धा तास बाहेरच ठेवलं. फ्रिजमधलं गार दही अंड्याची ऊब घालवतं. मग अंडं बारीक गाळणीत फोडून अर्धा मिनिट धरलं. पातळ पांढरा बलक गळून गेला. चिंध्या त्याच्याच व्हायच्या! पाणी उकळून आच मंद केली, बुडबुडे शांत झाल्यावर वाटीतून अंडं अलगद सोडलं. बरोबर ३ मिनिटं. झाऱ्याने काढून कापडावर टिपलं, मग दह्यावर. वरून गरम लोणी, त्यात गॅस बंद केल्यावरच पुल बिबेर, म्हणजे तिकडची भरड लाल मिरची. आधी घातली तर करपते.