सिलिकाच्या पोकळ कॅप्सूलची दाबचाचणी : या चुका टाळा

चिपमधल्या तारांभोवतीच्या इन्सुलेटरचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतभार साठवण्याचं प्रमाण) कमी असला की सिग्नल कमी रखडतात. घन सिलिकाचा तो सुमारे ३.९ असतो, हवेचा जेमतेम १. म्हणून सिलिकाच्या पोकळ कॅप्सूल वापरून तो खाली आणता येतो. पण हीच पोकळी वेफर (चिप जिच्यावर घडते ती सिलिकॉनची चकती) पॉलिश करताना चिरडू शकते. त्यासाठी वेफरवर ठेवलेली एकेक कॅप्सूल नॅनोइंडेंटरखाली (बारीक टोकाने दाबून भार आणि विस्थापन मोजणारं यंत्र) दाबून पाहायची. आकडे कमी आले की कॅप्सूल कच्ची ठरवण्याआधी चाचणी तपासा.

सगळ्यात जास्त घोळ टोकामुळे होतो. यंत्राला लावलेलंच आहे म्हणून तीन पैलूंचं बर्कोविच टोक वापरलं, तर ते गोलाच्या माथ्यावरून घसरतं किंवा कवच एका बिंदूत भोसकतं. १ मायक्रॉनच्या कॅप्सूलला ५ मायक्रॉन व्यासाचं सपाट हिऱ्याचं टोक घ्या. ते १ अंश जरी कललं तरी दोन कडांत सुमारे ८७ नॅनोमीटरचा फरक पडतो आणि कॅप्सूल बाजूला लोळते. आधी शेजारच्या मोकळ्या वेफरवर टोक टेकवा. भार-विस्थापन आलेख टेकताक्षणी ताठ चढला पाहिजे. सुरुवात मऊ आली तर टोक कललंय किंवा त्यावर आधीच्या कॅप्सूलचा तुकडा चिकटलाय.

वेफरवर टाकण्याआधी कॅप्सूल आयसोप्रोपेनॉल या अल्कोहोलमध्ये इतक्या विरळ करा की ५ मायक्रॉनच्या आत शेजारी नको. नाहीतर दोघी मिळून भार घेतात.

हिशेबातली चूक जास्त महागात पडते. पातळ कवचाचा ताठपणा जाडीच्या वर्गावर अवलंबून असतो, त्यामुळे जाडीत १० टक्के चूक म्हणजे मापांकात (पदार्थाच्या स्वतःच्या ताठपणाच्या मापात) सुमारे २० टक्के. जाडी पुरवठादाराच्या कागदावरून उचलू नका, त्याच बॅचमधली ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मोजा. शिवाय कॅप्सूल वरून दबते तशी खालूनही दबते. एकूण विस्थापन एकाच ध्रुवाचं धरलं तर ताठपणा निम्माच दिसतो.

ड्रिफ्ट, म्हणजे तापमानामुळे यंत्राचं आपोआप सरकणं, सेकंदाला ०.०५ नॅनोमीटर असला तरी मिनिटभरात ३ नॅनोमीटर होतो. ३० नॅनोमीटरला फुटणाऱ्या कवचात ही १० टक्के चूक झाली. तापमान स्थिरावू द्या, चाचणी छोटी ठेवा.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या आत दाबत असाल तर दाबताना किरण बंद ठेवा. चालू किरणाखाली सिलिका मऊ पडून वाहू लागते; ठिसूळ कॅप्सूल न फुटता चपटी होते आणि चिवट असल्याचा भास होतो.

भार-नियंत्रणात (यंत्र भार ठरल्याप्रमाणे वाढवत नेतं तेव्हा) कवच फुटताच टोक थेट वेफरवर आदळतं. त्यानंतरची ताठ चढण वेफरची असते, कॅप्सूलची नव्हे. विस्थापन-नियंत्रण (टोक किती सरकायचं ते यंत्र ठरवतं) वापरा, म्हणजे भाराची पहिली घसरण स्वच्छ दिसते. घसरणीच्या लगेच आधीचा भार हाच फुटण्याचा भार. ठिसूळ कवचात हा भार कॅप्सूलगणिक बदलतो, म्हणून निदान ३० कॅप्सूल फोडा आणि सरासरीऐवजी वायबुल आलेख (किती भारापर्यंत किती टक्के कॅप्सूल फुटतात ते दाखवणारा) काढा.