टूर्नामेंटच्या आदल्या रात्री कॉम्बॅटची उजळणी

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या टूर्नामेंटला निघताना डेक, स्लीव्ह, फासे, लाइफ लिहायला वही-पेन. यावर बोलायला नको. डेकमधल्या जुन्या कार्डांचा सध्याचा मजकूर तेवढा बघून ठेवा, छापलेलाच चालू असेल असं नाही.

कॉम्बॅटच्या, म्हणजे क्रीचर कार्डांच्या लढाईच्या, पाच पायऱ्या पाठ हव्यात: सुरुवात, अटॅकर जाहीर, ब्लॉकर जाहीर, डॅमेज, शेवट. फर्स्ट स्ट्राइक (आधी मारा) किंवा डबल स्ट्राइक (आधी आणि नेहमीच्या वेळीही मारा) असलेलं कुणी लढत असेल तर डॅमेजची पायरी दोनदा येते.

आता मागच्या वेळी चुकलेली गोष्ट. समोरचा ब्लॉकर काढायचा असेल तर ब्लॉक जाहीर होण्याआधी काढा. एकदा ब्लॉक झाला की अटॅकर ब्लॉक झालेलाच राहतो. मग तुम्ही ब्लॉकर मारा, हातात परत पाठवा, काहीही करा, तुमच्या 5/5 चा (पहिला आकडा डॅमेज देण्याचा, दुसरा टफनेस म्हणजे झेलण्याचा) एक पॉइंटसुद्धा प्लेयरपर्यंत पोचत नाही. रिमूव्हल (क्रीचर काढायचं कार्ड) खर्च, अटॅक वाया. अपवाद ट्रॅम्पलचा (ब्लॉकरला मारून उरलेलं डॅमेज प्लेयरला देणारी क्षमता): ब्लॉकर उरला नाही तर सगळं डॅमेज प्लेयरला. ब्लॉक झाल्यावर ब्लॉकर टॅप करणं (कार्ड आडवं करणं) तर आणखी फुकट, टॅप झालेला ब्लॉकरही डॅमेज देतोच. तेव्हा ब्लॉकच्या आधी! अटॅकर जाहीर झाल्यावर एक संधी मिळते, तिथे हात चालवा.

उलट बाजूने, समोरच्याचा अटॅकर टॅप करून थांबवायचा असेल तर ते कॉम्बॅटच्या सुरुवातीला. अटॅक जाहीर झाल्यावर टॅप केलात तरी तो येतोच. आणि स्वतः ‘कॉम्बॅट’ म्हणण्याआधी विचार करा, कारण म्हटलंत की साधा क्रीचर थेट दुसऱ्या मेन फेजमध्येच (कॉम्बॅटनंतरचा कार्ड टाकायचा टप्पा) टाकता येतो.

ट्रॅम्पल आणि डेथटच (थोड्याही डॅमेजने मारणारी क्षमता) एकत्र आले की हिशोब बदलतो. अशा 6/6 ला दोन 4/4 ने ब्लॉक केलं तर दोघांना एकेक पुरतो, उरलेले 4 प्लेयरला. नुसता ट्रॅम्पल असेल तर मात्र ब्लॉकर इंडिस्ट्रक्टिबल (डॅमेजने न मरणारा) असो की प्रोटेक्शनवाला (ज्याला ते डॅमेज लागतच नाही), त्याच्या टफनेसइतकं आधी त्याच्या नावावर टाकावं लागतं. अनेक ब्लॉकरांना रांगेत लावायचा नियम 2024 च्या फाउंडेशन्स या कार्डसंचापासून गेला. आता डॅमेज कसं वाटायचं ते डॅमेजच्या वेळीच ठरतं. म्हणजे ब्लॉकर जाहीर झाल्यावर समोरचा एकाला पंप करतो (आकडे वाढवतो) आणि तुम्ही सगळं दुसऱ्यावर टाकता. जुने खेळाडू इथे हटकून वाद घालतात. ‘डॅमेज स्टॅकवर (लागू व्हायची वाट बघणाऱ्या रांगेत) आहे, आता सॅक्रिफाइस करतो (आपलंच क्रीचर बळी देतो)’ म्हणणारेही अजून भेटतात, तो नियम 2009 मध्येच संपला.

फर्स्ट स्ट्राइक देणारा स्पेल ब्लॉकर जाहीर झाल्यावर, डॅमेजच्या आधी. डॅमेज झाल्यावर देऊन काय करणार?

बाकी झरझर. समनिंग सिकनेस (नुकत्याच आलेल्या क्रीचरवरची बंदी) अटॅकला आडवा येतो, ब्लॉकला नाही. मेनेस असलेल्याला अडवायला किमान दोन ब्लॉकर लागतात. प्लेन्सवॉकरवर (प्लेयरऐवजी ज्यावर अटॅक करता येतो असं त्याचं कार्ड) अटॅक असेल तर ट्रॅम्पलचं उरलेलं डॅमेज प्लेयरला जात नाही. वाद झाला तर जजला हाक मारा. झोपायच्या आधी चार कार्डं मांडून एक डाव खेळून बघा: अटॅक, थांबा, ब्लॉकर काढा, मग ब्लॉक. हाच क्रम, दहा वेळा.