वेल्समधलं जुनं दगडी शेतघर कसं वाचावं

फार्महाऊस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कर्जतकडचा सुट्टीतला बंगला येतो. वेल्समधलं शेतघर वेगळं. तिथे शेतकरी पिढ्यानपिढ्या राहिला, त्याच छपराखाली गुरं बांधली आणि ऐपत येईल तसा एकेक खण वाढवत गेला. त्यामुळे अशा घराला एकच जन्मसाल नसतं. त्याचे थर ओळखायला वास्तुतज्ज्ञ असावं लागत नाही, बघायचा क्रम ठाऊक हवा. सरावाला कार्डिफजवळचं सेंट फॅगन्स संग्रहालय उत्तम. वेल्सभरातून सुटी करून आणलेली घरं तिथे पुन्हा उभारली आहेत आणि आत जायला तिकीट नाही.

सुरुवात लांबून करा. घराचं एक टोक चढाला आणि दुसरं उताराला असेल, तर खालच्या टोकाला बहुधा गोठा होता. शेणमूत आपसूक बाहेर वाहून जावं, ही त्यामागची सोय. अशा घराला वेल्श भाषेत ‘टी हीर’ म्हणजे लांब घर म्हणतात. पाटीवरचं नावही वाचा. ‘हेन्द्रे’ म्हणजे खोऱ्यातलं कायमचं घर, ‘हावोद’ म्हणजे उन्हाळ्यात गुरं घेऊन डोंगरावर राहायची जागा. ‘इखाव’ आणि ‘इसाव’ हे आपल्या वरच्या आळी-खालच्या आळीसारखे.

आता भिंतीजवळ जा आणि कोपरे शोधा. एका दमात बांधलेल्या भिंतीत दगड एकमेकांत गुंतलेले असतात. एक थर डावीकडे सरकतो, त्यावरचा उजवीकडे. पण भिंतीच्या मधोमधच जोत्यापासून वरपर्यंत उभी सरळ फट दिसली आणि तिच्या एका बाजूला मोठे, नीट घडवलेले दगड असले, तर थांबा. तिथे कधीकाळी घर संपत होतं. ते घडवलेले दगड म्हणजे जुन्या घराचा कोपरा, पलीकडचं सगळं नंतरचं.

भिंतीवर चुन्याचा जाड हात असेल तर ही फट दिसत नाही. गावर द्वीपकल्पातून आणलेलं केनिक्स्टनचं घर असंच आहे. ते १६१० सालचं, पुढे टप्प्याटप्प्यानं वाढवलेलं आणि बाहेरून लालभडक रंगवलेलं. वाईट शक्ती दूर राहाव्यात म्हणून हा लाल रंग, असं मानत. अशा घरात दारांत उभं राहून भिंतीची जाडी हातानं मोजा. आतली भिंत बाहेरच्या भिंतीइतकीच जाड असेल, तर ती एकेकाळी बाहेरची असण्याचा संभव मोठा.

मान वर करा आणि धुराडं बघा. त्याच्या बुडाशी बाहेर आलेले चपटे दगड असतात. छपराच्या सांध्यात पाणी शिरू नये म्हणून ते बसवत. हे दगड छपरापासून हातभर वर अधांतरी राहिले असतील, तर पूर्वी तिथे गवताचं जाड छप्पर होतं आणि पातळ स्लेटची पाटी नंतर आली.

खरी गोष्ट मात्र आत, लाकडात आहे. दगडी घर म्हटलं की दगडच सर्वांत जुना असेल असं वाटतं आणि नेमकी तिथेच चूक होते. ऱ्हेयाडरजवळच्या क्लाएरवेन खोऱ्यातलं किलेवेंट आता सेंट फॅगन्सला आहे. ते १४७०च्या सुमारास लाकडी सांगाड्याचं घर म्हणून उभं राहिलं, आणि आज दिसतात त्या दगडी भिंती १७३४ सालच्या. म्हणजे दगड लाकडापेक्षा अडीचशेहून अधिक वर्षांनी धाकटा! म्हणून माळ्यावर जायला मिळालं तर टॉर्च घेऊन आधी वासे बघा. ते काजळीनं काळे पडले असतील, तर धुराडं येण्याआधी खोलीच्या मधोमध आगटी पेटत होती आणि धूर थेट छपराला जात होता. त्या वेळी वर मजलाही नव्हता.

खाली आलात की तुळईच्या कडेवरून बोट फिरवा. कडा तिरकी तासलेली असते आणि टोकाशी सुताराची छोटी नक्षी येऊन ती थांबते. दोन्ही टोकांना ही नक्षी दिसली पाहिजे. एका टोकाची नक्षी भिंतीत गडप झाली असेल, तर ती भिंत तुळईनंतर घातलेली. कुठलाही सुतार भिंतीत गाडायला नक्षी कोरत नाही. मला हा पुरावा सर्वांत लाडका आहे, कारण त्याला कागद लागत नाही आणि तो बहुतेक खोटं बोलत नाही.

दारावर कोरलेल्या सालावर मात्र लगेच विसंबू नका. ते दुरुस्तीचं किंवा मालकाच्या लग्नाचंही असू शकतं. नेमकं साल हवं तर तज्ज्ञ ओकच्या तुळईतून बारीक नळीसारखा नमुना काढून वर्षवलयं मोजतात. सालीलगतचं शेवटचं वलय शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडलं हे कळतं. ओक ओला असतानाच वापरत, म्हणून बांधकामही त्याच सुमाराचं धरतात.

कागद शेवटी उघडा. १८३६च्या कायद्यानंतर काढलेले गावोगावचे दशांश-कराचे नकाशे अॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ऑनलाइन ठेवले आहेत. घराचा तेव्हाचा आकार आणि आजचा आकार शेजारी ठेवून बघा. मग वहीत घराचा आराखडा काढा आणि प्रत्येक काळाला वेगळा रंग द्या. जिथे खात्री नाही तो भाग कोराच ठेवा.

खासगी घर असेल तर आधी मालकाला विचारा आणि काहीही खरवडू नका. घर संरक्षित यादीत असेल, तर त्याचं रूप बदलणाऱ्या कामाला मालकालाही आधी परवानगी घ्यावी लागते. ही यादी वेल्स सरकारची ‘कादू’ ही संस्था सांभाळते. कादू या वेल्श शब्दाचा अर्थ ‘जपणं’.